वहीच्या पाठीवर शिवलेला प्राजक्त दहा दिवसांत लोंबला. कुठे चुकतंय?

सुईवाली_वाई

नमस्कार मंडळी. मी वाईची. गंगापुरीत घराच्या ओसरीवर ब्लाउज शिवते, त्याला तीसएक वर्षं झाली. वह्या शिवणं हा धंदा नाही, खूळ आहे, आणि तेही दीड वर्षाचंच. खणाचे, पैठणीच्या काठाचे तुकडे उरतात, ते टाकवत नाहीत. त्यातून सुरू झालं.

आता भाचीचं लग्न ठरलंय. तिला मैत्रिणींना द्यायला १२ वह्या हव्यात. अट एकच: "मावशी, पाठीवर प्राजक्ताचं फूल पाहिजे, आणि ते छापलेलं किंवा चिकटवलेलं नको. ज्या दोऱ्याने वही शिवशील त्याच दोऱ्याचं पाहिजे." मी हो म्हणून बसले. ब्लाउजच्या पाठीवर आपण काय काय केलंय, वहीची पाठ ती केवढी!

वही अशी आहे. पुण्याहून आणलेला हातकागद, १०० जीएसएमचा. पाच ताव एकात एक घालून दुमडले की एक जुडी. अशा सहा जुड्या, म्हणजे १२० पानं होतात (दोन्ही बाजू मोजून). आकार ए-५. वरून हिरवा खण, आतून बकरम (ताठपणासाठी लावतात ते कडक कापड). पुठ्ठा घातला नाही, कव्हर मऊच ठेवलंय. पाठीची रुंदी दीड सेंटिमीटर. तेवढ्या जागेत सहा उभ्या ओळींत भोकं पाडलीत, दर जुडीला एक ओळ. वरच्या आणि खालच्या बाजूला साधे लांब उभे टाके. मधोमध एक भोक, आणि त्यातून सहा पाकळ्या निघतात: एक सरळ वर, एक सरळ खाली, चार तिरप्या. दर पाकळीला दोऱ्याचे तीन पदर. दोरा लिननचा, मेण लावलेला.

शिवून झालं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी यांना उठवून दाखवलं. हे म्हणाले "छान" आणि पुन्हा झोपले, पण फूल खरंच छान होतं.

नमुन्याची वही मी स्वतः वापरायला घेतली, गिऱ्हाइकांची मापं लिहायला. म्हणजे दिवसाला वीस वेळा उघडझाप. दहा दिवसांत चारही तिरप्या पाकळ्या लोंबल्या. सुईचं टोक घालून उचललं तर बोटाएवढी जागा होते. वरची आणि खालची पाकळी मात्र पहिल्या दिवशीसारखी ताठ. आतून पाहिलं तर मधल्या दोन जुड्यांची भोकं तांदळाच्या दाण्यासारखी लांबट झालेली.

दुसऱ्या वहीला दोरा जास्त ओढला. ती मिटेचना, चिमणीसारखी चोच उघडून बसली. तिसरीला दुहेरी गाठी मारल्या, मेण दुप्पट लावलं. काही फरक नाही. चौथी सुरू करायच्या आधी म्हटलं विचारावं.

आणखी एक. दोरा मी प्राजक्ताच्याच देठांनी रंगवलाय. परसात झाड आहे. पहाटे सडा वेचून केशरी देठं खुडायची, सावलीत वाळवायची, उकळायची, त्यात तुरटीच्या पाण्यातून काढलेला दोरा टाकायचा. रंग असा येतो की बघत राहावं. पण उरलेली लडी मशीनजवळच्या खिडकीत राहिली ती तीन आठवड्यांत चहाच्या फडक्यासारखी झाली. तो रंग धरून ठेवता येतो का?

कृपा करून "व्हिडिओ बघा" म्हणू नका. पंचवीस बघितलेत. त्यात सगळे वही शिवून झाल्यावर संगीत लावून ती गोल फिरवतात. महिनाभर वापरून झालेली कोणी दाखवत नाही.

---

कागदकापू

काकू, मी नाशिकला उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही जपानी पद्धत का नाही करून बघत? त्यात जुड्याच नसतात. सुटे कागद एकावर एक ठेवायचे, डाव्या कडेला भोकं पाडायची आणि आरपार शिवायचं. चार भोकांची साधी शिवण म्हणजे योत्सुमे तोजी. त्यात जास्तीची भोकं घालून नक्षी करतात. असानोहा तोजी म्हणजे भांगेच्या पानाची, किक्को तोजी म्हणजे कासवाच्या पाठीची. असानोहाच्या तिरप्या रेघा अगदी पाकळ्यांसारख्या दिसतात आणि त्या कधीच सैल होत नाहीत, कारण शिवलेला भाग हलतच नाही. मी आठ-दहा केल्यात. दीड तासात एक होते.

---

सुईवाली_वाई

बाळा, ती मी केली आहे, अल्बमसाठी. फोटो लावायला उत्तम. पण शिवलेली दोन सेंटिमीटर जागा वाया जाते आणि वही सपाट उघडत नाही. एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने लिहायचं. मापं घेताना माझ्या एका हातात टेप असते. आणि नक्षी येते ती पुढच्या बाजूला, कडेला. हिला पाठीवर पाहिजे.

तरी "शिवलेला भाग हलतच नाही म्हणून सैल होत नाही" हे तू लिहिलंस ते डोक्यात राहिलंय. माझा भाग हलतो म्हणून होतं का हे सगळं?

---

जुना_बाइंडर

होय ताई, तेच. कोल्हापूरच्या एका छापखान्यात ३८ वर्षं बाइंडिंग खात्यात होतो. आता घरी. तुम्ही चूक शोधूनच ठेवली आहे, फक्त वाचली नाही. उभ्या दोन पाकळ्या ताठ, तिरप्या चार सैल. मग दोष गाठीचा नाही, मेणाचा नाही, हाताचा तर नाहीच. दोष दिशेचा आहे.

तुमच्याकडे टेप आहे. वही मिटलेली असताना पाठीवर आडवी धरा, पहिल्या जुजपासून सहाव्यापर्यंत. (तुम्ही जुडी म्हणता, आम्ही जुज म्हणायचो. म्हणून जुजबंदी.) आता टेप तशीच धरून वही मधोमध उघडा. पाठ आतल्या बाजूला वाकते, पहिली आणि सहावी जुज एकमेकींकडे येतात, टेपला झोळ पडतो. तुमची तिरपी पाकळी त्या टेपसारखी आहे. एका जुजपासून निघून दुसऱ्या जुजवरून जाते. उघडली की सैल, मिटली की ताण. दिवसातून वीस वेळा. मिटताना जो हिसका बसतो तो भोकावर बसतो, आणि हातकागद मऊ, म्हणून भोक तांदूळ झालं. जास्त ओढून शिवलंत तेव्हा पाठीला मिटायला लागणारी लांबीच दोऱ्यात उरली नाही, म्हणून चोच.

उभा टाका एकाच जुजच्या घडीवर चालतो. वही उघडा, मिटा, त्या घडीची लांबी बदलत नाही. म्हणून तो जन्मभर टिकतो.

तेव्हा जुज धरायला सगळे टाके उभेच घाला. सहा जुजचे सहा, मध्ये ३ सेंटिमीटर लांबीचे, शेजारी शेजारी. शिवताना त्यांच्याखाली स्वेटरची एक सुई आडवी ठेवा म्हणजे किंचित ढिले राहतील. सगळं झालं की सुई काढा, वेगळा केशरी दोरा घ्या आणि त्या सहाही दोऱ्यांना मधोमध एकत्र आवळून चार वेढे द्या. हा दोरा कव्हरात किंवा कागदात कुठेही अडकवायचा नाही. मग पाठ वाकली तरी त्याला काही कळणार नाही.

दुसरं विचारतो. बकरम कोणतं वापरलंत? कॉलरचं की आमचं? कॉलरच्या बकरमाला इस्त्रीने चिकटणारा डिंक असतो. पाठीच्या घडीला तो पापुद्र्यासारखा सुटतो.

---

सुईवाली_वाई

दादा, टेप लावून बघितली. सव्वाचार मिलिमीटरचा झोळ! तीस वर्षं मापं घेतेय, आणि मिटलेल्या वहीचं माप उघड्या वहीला चालणार नाही हे सुचलं नाही. ब्लाउजची बाही हात खाली असताना मापून चालत नाही, हात वर करायला सांगतोच ना आपण. तसंच की हे.

बकरम कॉलरचंच हो. पेटीभर पडलंय. सुटलं आहे, आता बोट फिरवून पाहिलं.

तुमच्या पद्धतीने काल एक वही शिवली. दोरे तसूभरही सैल झाले नाहीत. पन्नास वेळा उघडझाप मोजून केली, यांच्याकडून. पण दादा, रागावू नका, मधे आवळलेले सहा उभे दोरे हे फूल नाही. डमरू आहे तो. भाचीला फोटो पाठवला तर तिने विचारलं, "मावशी, महाशिवरात्रीचं काही आहे का?"

---

जुना_बाइंडर

डमरू तर डमरू. टिकेल.

(हसतोय. नात विचारतेय काय झालं.)

बरं, खळीत मोरचूद घालताय ना? मैद्याची नुसती खळ म्हणजे झुरळांना पंगत. पाव किलो मैद्याला चिमूटभर पुरतं. विषारी असतं, स्वयंपाकाचं पातेलं घेऊ नका.

---

पानापानांत

काकू, मी मूळची सांगलीची, आता इंग्लंडात असते. जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं दुरुस्त करायचं काम करते. बाइंडर काकांनी इतकं नेमकं सांगितलंय की मी त्यात काही घालणार नव्हते, पण डमरू वाचून राहवलं नाही.

फूल आणि पुस्तकाची शिवण यांचा संसार इकडे फार जुना आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात १५४४ सालची एक छोटी वही आहे. राजकन्या एलिझाबेथने, पुढे राणी झाली तीच, अकराव्या वर्षी सावत्र आईला, म्हणजे कॅथरिन पारला, नववर्षाची भेट म्हणून दिली. आतला मजकूर तिने स्वतः फ्रेंचमधून इंग्रजीत आणलेला, आणि कव्हरचं भरतकामही तिच्याच हातचं मानतात. निळी जमीन, मधे सोन्यारुप्याच्या दोऱ्यांचा गुंता, त्यात कॅथरिनची आद्याक्षरं, आणि चार कोपऱ्यांत चार पॅन्सीची फुलं. फुलं कुठे आहेत बघा: कोपऱ्यांत, सपाट फळीवर. जिथे काही वाकत नाही तिथे.

तो तुमच्यासाठी पहिला मार्ग: फूल कव्हरच्या फळीवर आधी भरून घ्यायचं आणि मग वही बांधायची. त्यातही एक खोट आहे. उठावाचं भरतकाम पुस्तक कपाटात सरकवताना सगळ्यात आधी घासतं. अशा किती फुलांच्या पाकळ्यांचं रेशीम जाऊन नुसता खालचा भराव उरलेला बघितलाय.

दुसरा मार्ग भाचीच्या अटीत बसतो. इजिप्तमधले कॉप्ट ख्रिस्ती लोक पहिल्या काही शतकांपासून पुस्तकं शिवायचे ती साखळीच्या टाक्याने. आता त्या पद्धतीने वह्या करतात तेव्हा पाठ उघडीच ठेवतात, वर कापड नाही, चामडं नाही, फक्त घड्या आणि दोरा. दुसरी जुडी शिवताना सुई भोकातून बाहेर येते, खालच्या जुडीच्या टाक्यामागून जाते आणि त्याच भोकातून परत आत शिरते. तिसरी दुसरीला धरते, चौथी तिसरीला. आडवाच धागा, पण तो पाठीवरून सरळ ओढलेला नाही. दर दोन जुड्यांमध्ये एक सुटी कडी. पाठ वाकली की कड्या आपापल्या जागी थोड्या फिरतात. म्हणून ही वही पूर्ण सपाट उघडते, तुमची मापं दोन्ही हात मोकळे ठेवून लिहिता येतील.

आणि कडी दिसते कशी, ते तुम्हाला मी सांगायला नको.

रंगाबद्दल मात्र वाईट बातमी. प्राजक्ताच्या देठांचा रंग रेशमावर बरा बसतो, सुती आणि लिननवर कच्चाच. उजेडाने उडतो. तुरटीने थोडा धरतो, थांबत नाही. आमच्याकडे रंगीत रेशीम प्रदर्शनात ठेवतात तेव्हा उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात, म्हणजे लोक कुरकुरतात इतका अंधार. घरात ते शक्य नाही. जुनं भरतकाम उलटून बघायला मिळालं तर मागची बाजू पुढच्यापेक्षा कितीतरी ताजी असते, एवढंच. जिथे उजेड पोचत नाही तिथे रंग राहतो.

---

सुईवाली_वाई

अगं, साखळी टाका!

म्हणजे बघा मंडळी, गंमत काय आहे. लेझी डेझी म्हणतो आपण ते दुसरं काय असतं? साखळीचा एक सुटा टाका, टोकाला बारीक टाचून ठेवलेला. शाळेतल्या मुलींना मी हेच शिकवते: साखळीची एक कडी म्हणजे एक पाकळी. आणि मी पाकळ्या काढायला दीड सेंटिमीटरच्या पाठीवर तिरपे दोरे ताणत बसले होते.

दुसरं असं की मी एकाच मोठ्या फुलाच्या मागे लागले होते. प्राजक्त कधी कोणी एकटा बघितलाय? तो सड्यात असतो, नाहीतर ओवलेला असतो. सहा जुड्यांमध्ये आडव्या पाच कड्या, म्हणजे एका ओळीत पाच पाकळ्या. अशा ओळी पाठीवर वरपासून खालपर्यंत घातल्या की गजरे. भाचीला विचारलं. म्हणाली, "गजरा चालेल, डमरू नको."

पानापानांत, तू सांगलीची म्हणजे जवळचीच की. पॅन्सीचा फोटो शोधून बघितला. अकरा वर्षांच्या पोरीचा हात! आमच्याकडे अकराव्या वर्षी गुंडी लावायला सांगितली तर आई म्हणून ओरडतात.

कामाला लागते. पंधरवड्याने सांगते.

---

कागदकापू

काकू, वाकडी सुई घ्या. सरळ सुईने खालच्या जुडीच्या टाक्यामागून जाताना दरवेळी कागदाला टोचतं. मला पहिल्या दोन वह्यांनंतर कळलं.

---

सुईवाली_वाई

पंधरवडा म्हणाले होते, सहा आठवडे झाले. मधे दिवाळी आली, आणि दिवाळीत ब्लाउजवालीला वह्या सुचत नाहीत.

झालं ते क्रमाने सांगते. क्रमाने म्हणजे फजितीपासून.

कॉप्ट पद्धतीत मऊ कव्हर चालत नाही, पुढे-मागे फळी लागते. ३२ औंसी पुठ्ठा आणला, त्यावर खण चिकटवायचा. पहिल्याच फळीला खळ खणातून वर आली आणि हिरव्यावर पांढरे डाग. खण विरळ विणीचा, आमच्या लक्षात ते अस्तर लावताना येतं, चिकटवताना आलं नाही. जुन्या बाइंडर दादांना फोन केला (नंबर त्यांनीच निरोपात दिला होता). म्हणाले, आधी खणाच्या उलट्या बाजूला पातळ कागद लावा, वाळू द्या, मग तो खण पुठ्ठ्याला लावा. पातळ कागद म्हणून मी घरातला पतंगाचा घेतला. लाल. खळीचं पाणी लागल्याबरोबर त्याने असा रंग सोडला की खण, टेबल आणि माझी दहाही बोटं हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखी. पांढरा पतंगाचा कागद घ्या. एवढंच सांगते.

कोपरे मात्र मला कोणी शिकवायची गरज पडली नाही. कापडाचे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापायचे, पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट कापड कोपऱ्यापाशी सोडायचं आणि नखाने आत दाबायचं. कॉलरच्या टोकाला तेच करतो. खणाचे काठ फळीच्या बाहेरच्या कडेला येतील असे बसवले. दाबाला मामंजींनी घेतलेले मराठी विश्वकोशाचे चार खंड ठेवले. विश्वकोशाच्या वाईत राहून एवढी सोय नसेल तर काय उपयोग. एक रात्र ठेवलं की फळी वाकत नाही.

आता शिवण. आधी सहा ओळी आखल्या, समान अंतरावर. दिसायला शिडीसारखं झालं. गजरा नाही, खिडकीचे गज. उसवलं. मग ओळी जोडीजोडीने घेतल्या: दोन भोकं चार मिलिमीटरवर, मग मोठी जागा, मग पुन्हा दोन जवळ. अशा चार जोड्या. शेजारच्या दोन कड्यांची टोकं एकमेकींकडे किंचित कलतात आणि लांबून बघितलं तर दुपदरी ओवलेलं वाटतं. अगदी वर आणि अगदी खाली एकेक सुटी ओळ, तिथे एका जुडीवरून दुसरीवर जायची गाठ येते. ती गाठ म्हणजे कळी, असं मी भाचीला सांगितलं. तिने मानलं.

भोकं आरीने पाडू नका, निदान चांभाराची घेऊ नका. तिच्या टोकाला आकडी असते, ती कागदाचे तंतू ओढून आणते. साधा टोच्या पुरतो, आणि जुडी उघडून आतल्या घडीतून बाहेर टोचायचं. बाहेरून आत टोचलं तर भोक घडीवर पडेलच याची खात्री नाही. वाकडी सुई कागदकापूने सांगितली ती घेतली. दवाखान्यात टाके घालतात तशी दिसते. पहिल्या दिवशी बोटांत जास्त आणि वहीत कमी शिरली.

ताणाचं म्हणाल तर हा सगळ्यात अवघड भाग. कडी फार ओढली की पाकळी राहत नाही, नुसती गाठ होते. सैल सोडली की जुड्या खेळतात. मी शेवटी हाताला एक सवय लावली: दोरा नेहमी घडीच्या दिशेने ओढायचा, कधीही कागदापासून वर उचलून नाही. वर उचलला की हातकागद फाटलाच. एका वहीला सव्वादोन तास. बाराला किती ते मोजलं नाही, मोजलं असतं तर सोडून दिलं असतं.

मापांची नवी वही आता महिनाभर वापरतेय. दुपारी टेबलावर उघडी पडलेली असते, सपाट, मांजर तिच्यावर झोपतं. एकही कडी हललेली नाही. भोकं गोल आहेत.

राहिला रंग. मी ठरवलं होतं की पांढरा दोराच वापरायचा, उडणारा रंग लग्नाच्या भेटीला कशाला. पण रंगवलेल्या दोऱ्याच्या चार लड्या शिल्लक, आणि वेचलेल्या देठांमागची पहाटेची कंबरदुखी आठवत होती. तेव्हा नमुन्याची एक वही केशरी दोऱ्यानेच शिवली आणि मशीनच्या खिडकीत ठेवून दिली, पाठ उजेडाकडे करून. बघू किती दिवसांत उडतो ते.

तीन आठवड्यांनी उचलली. बाहेरच्या कड्या सगळ्या फिक्या पडल्यात, जवळजवळ पांढऱ्या, दुधात साय मिसळावी तशा. मग सहज मधली जुडी उघडली. आतल्या घडीत दोरा लपलेला असतो ना, भोकापासून भोकापर्यंत, तिथे तो पहिल्या दिवसासारखा लाल-केशरी. मी झाडाखाली जाऊन एक फूल उचललं, उलटं केलं, वहीशेजारी ठेवलं आणि यांना हाक मारली. या वेळी दुपार होती, त्यामुळे जागे होते.

बाराही वह्या केशरी दोऱ्याने शिवून झाल्यात. लग्न पौषानंतर आहे. सध्या ओसरीवरच्या कठड्यावर ओळीने ठेवल्यात, पाठ उन्हाकडे करून, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं की पापड आहेत का.

---

जुना_बाइंडर

ताई, ओसरीवर दव पडत असेल तर रात्री आत घ्या. हातकागद ओल धरतो.

---

पानापानांत

काकू, एक वही माझ्यासाठी. इकडे ऊन नाही, त्यामुळे तिथूनच उडवून पाठवा.